नक्कल, आपल्याच गाण्यांची

जून २०१२ मध्ये डेफ लेपर्ड या ब्रिटिश रॉक बँडने आपली दोन जुनी, तुफान चाललेली गाणी पुन्हा रेकॉर्ड करून इंटरनेटवर विकायला ठेवली. 'रॉक ऑफ एजेस' आणि 'पोर सम शुगर ऑन मी'. पुन्हा रेकॉर्ड केली म्हणजे नवी चाल दिली, नवा साज चढवला, असं काही नाही. उलट जुन्या गाण्याची जमेल तितकी हुबेहूब नक्कल केली. गायक जो एलियटने 'बिलबोर्ड'शी बोलताना या प्रकाराला चक्क 'फोर्जरी' म्हटलं. म्हणजे बनावट माल! आपल्याच सहीची आपणच मारलेली नक्कल. पुढच्या वर्षी 'हिस्टेरिया' या गाण्याचीही अशीच नवी प्रत आली.

या प्रकरणातली पैशाची भांडणं पुष्कळ चघळून झाली आहेत. (त्यांच्याकडेही येऊच, कारण त्याशिवाय गोष्ट पूर्ण होत नाही.) पण मला त्यातली सगळ्यात रंजक बाजू वाटते ती ड्रम्सची. या बँडचा ड्रमर रिक ॲलन याला डावा हात नाही. ३१ डिसेंबर १९८४ च्या कार अपघातात तो गेला. आता तारखा बघा. 'रॉक ऑफ एजेस' हे १९८३ चं गाणं, म्हणजे दोन हात असतानाचं. 'पोर सम शुगर' १९८७ चं, म्हणजे एक हात गेल्यानंतरचं. २०१२ मध्ये दोन्हींची नक्कल करायची म्हणजे एकाच माणसाच्या दोन वेगवेगळ्या शरीरांची नक्कल करायची!

आणि तरीही जुन्या-नव्या प्रती पाठोपाठ ऐकल्या की माझ्या कानाला आधी जाणवतो तो गळ्यातला फरक. ड्रम्समधला नाही. हात गेलेल्या माणसाचा ठोका जागच्या जागी, आणि धडधाकट गायकाचा गळा मात्र बदललेला. हे असं का, याचं उत्तर शोधायचं तर थेट १९८२ पर्यंत मागे जावं लागतं.

तर मंडळी, आधी थोडी ओळख. इंग्लंडमधलं शेफिल्ड हे पोलादाच्या कारखान्यांचं शहर. तिथे १९७७ च्या सुमारास काही पोरांनी हा बँड काढला. रिक ॲलनचा जन्म १ नोव्हेंबर १९६३ चा. १९७८ च्या नोव्हेंबरात तो बँडमध्ये आला तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांचा होता. १९८० मध्ये पहिला अल्बम आला. १९८१ च्या दुसऱ्या अल्बमपासून त्यांना निर्माता मिळाला रॉबर्ट जॉन 'मट' लँग. हा त्या काळातला अत्यंत चिकाटीचा आणि तितकाच छळवादी माणूस. एसी/डीसी या बँडचे 'हायवे टू हेल' (१९७९) आणि 'बॅक इन ब्लॅक' (१९८०) हे अल्बम त्याचेच.

ज्यांनी ड्रम सेट जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी चार ओळी. पायाने वाजतो तो मोठा बेस ड्रम, आपल्या ढोलाच्या ठोक्यासारखा घुमणारा. दोन गुडघ्यांच्या मध्ये असतो तो स्नेअर. त्याच्या खालच्या चामड्याला तारा टेकलेल्या असतात, म्हणून तो ताशासारखा कडकडतो. बाजूला हाय-हॅट, म्हणजे एकमेकींवर आपटणाऱ्या दोन झांजा. समोर टॉम नावाचे दोन-तीन छोटे-मोठे ढोल आणि वर टांगलेल्या मोठ्या झांजा. रॉक संगीतात बहुतेक वेळा चार मात्रांचं आवर्तन असतं, आणि आपण जशी समेवर मान डोलावतो तशी तिथली जान दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असते. त्या दोन मात्रांवर स्नेअर कडाडला पाहिजे. उजव्या हाताचा ड्रमर उजव्या हाताने हाय-हॅट चालवतो आणि स्नेअरवर टोला मारतो तो डाव्या हाताने. म्हणजे रिक ॲलनचा जो हात गेला, तो नेमका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेचा हात. तबलजीचा डग्ग्यावरचा हात जावा, तसं.

पण तो भाग नंतरचा. १९८२ मध्ये 'पायरोमेनिया' या तिसऱ्या अल्बमचं काम चालू झालं तेव्हा दोन्ही हात शाबूत होते, आणि गंमत म्हणजे तेव्हाच लँगने ड्रमरचे हात बाजूला ठेवायला सुरुवात केली होती.

रेकॉर्डिंगचा नेहमीचा क्रम असा की आधी ड्रम्स वाजवून घ्यायचे, मग त्यावर बाकीच्यांनी चढायचं. पाया आधी, भिंती नंतर. लँगने हा क्रम उलटा केला. गाण्याचा आराखडा शेवटपर्यंत बदलत राहायचा, इथला अंतरा तिथे, हे कडवं अर्धं, अशी त्याची पद्धत. (आमच्या धंद्यात रिक्वायरमेंट्स बदलणारा क्लायंट असतो ना, तसा. फरक एवढाच की याच्या बदलांमुळे खरोखर काहीतरी सुधारायचं.) प्रत्येक बदलागणिक ड्रम्स पुन्हा वाजवणं परवडणार नाही. म्हणून मार्गदर्शक ठेका लिन या ड्रम मशीनचा ठेवायचा, त्यावर गिटारींचे आणि आवाजांचे थरावर थर रचायचे, आणि गाणं पक्कं झालं की सगळ्यात शेवटी ड्रम्स. तेही कसे? तर फेअरलाइट सीएमआय या संगणकातून.

फेअरलाइटवर एक वेगळा लेख होईल इतकं ते भारी यंत्र होतं. सिडनीच्या पीटर व्होगेल आणि किम रायरी या दोघांनी ते १९७९ मध्ये बाजारात आणलं. त्यात कुठलाही आवाज मायक्रोफोनने आत घ्यायचा, आकड्यांमध्ये बदलून मेमरीत ठेवायचा आणि पियानोसारख्या पट्ट्यांवर, हव्या त्या उंचीत आणि हव्या त्या क्षणी, तो परत वाजवायचा. याला म्हणतात सँपलिंग. आज मोबाईलवरचं फुकट ॲपही हे करतं, पण तेव्हा त्या यंत्राच्या किमतीत घर आलं असतं. सुरुवातीची फेअरलाइट ८ बिटची होती, एका वेळी आठ आवाज, आणि प्रत्येक आवाजाला मेमरी फक्त १६ केबी! आता गुणाकार करून बघा. ८ बिट म्हणजे एका नमुन्याला एक बाइट. सेकंदाला १६ हजार नमुने घेतले तर साधारण एका सेकंदात मेमरी संपली. दर्जा वाढवून ३० हजार घेतले तर अर्ध्या सेकंदात.

अर्ध्या सेकंदात काय मावतं? व्हायोलिनचा लांबलेला सूर नाही मावत. झांजही नाही, कारण तिचा नाद कितीतरी सेकंद रेंगाळतो. पण स्नेअरचा कडाका मावतो, बेस ड्रमची धप मावते. आणि 'पायरोमेनिया'त झालंही तसंच. बेस ड्रम आणि स्नेअर फेअरलाइटमधून आले, झांजा मात्र ॲलनने खऱ्या वाजवल्या आणि त्या नंतर वरून चढवल्या. म्हणजे या अल्बमवर आपल्याला जो 'ड्रमर' ऐकू येतो, तो कधीच एका जागी बसून एका वेळी वाजवत नव्हता. त्याचे तुकडे होते, आणि ते लँग आणि ध्वनिमुद्रक माइक शिप्ली यांनी एकत्र जोडले होते.

बऱ्याच लोकांचा समज असा असतो की हात गेला म्हणून बिचाऱ्याला इलेक्ट्रॉनिक ड्रम्सचा आसरा घ्यावा लागला, आणि त्यामुळे बँडचा आवाज तसा यांत्रिक झाला. तारखा तपासल्या की हे उलटं निघतं. यांत्रिक आवाज १९८२ चा, अपघात १९८४ चा. आवाज शरीरातून आधी बाहेर पडला होता. हात नंतर गेला.

'पायरोमेनिया' जानेवारी १९८३ मध्ये आला आणि अमेरिकेत धो धो खपला. (२००४ मध्ये तिथल्या संघटनेने त्याला एक कोटी प्रतींचं प्रमाणपत्र दिलं.) पुढच्या अल्बमचं काम १९८४ मध्ये निघालं, आणि तिथून साडेसातीच लागली. लँग थकून बाजूला झाला. त्याच्या जागी जिम स्टाइनमनला आणलं, पण त्याच्याशी पटेना. हॉलंडमधल्या स्टुडिओतून मंडळी नाताळच्या सुट्टीला घरी आली, आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी शेफिल्डजवळ ए-५७ या रस्त्यावर ॲलनची कॉर्व्हेट उलटली. डावा हात खांद्यापासून तुटला. डॉक्टरांनी तो परत जोडला, पण जंतुसंसर्ग झाल्यामुळे काही दिवसांनी काढून टाकावा लागला. वय वर्षं एकवीस.

पुढचं ॲलनने स्वतःच अनेक मुलाखतींत सांगितलं आहे. हॉस्पिटलच्या पलंगावर तो खाली घसरू नये म्हणून पायाशी फोमचा एक तुकडा ठेवला होता. पडल्या पडल्या तो त्या फोमवर पायांनी ठेका धरायला लागला, आणि त्याच्या लक्षात आलं की डोक्यातला सगळा ताल जसाच्या तसा आहे. फक्त तो बाहेर यायची एक वाट बंद झाली आहे. मग दुसरी वाट काढायची. डाव्या हाताचं काम डाव्या पायाकडे द्यायचं.

त्यासाठी सिमन्स या ब्रिटिश कंपनीचे इलेक्ट्रॉनिक ड्रम्स कामाला आले. षटकोनी पॅडचे ते ड्रम्स, ऐंशीच्या दशकातल्या व्हिडिओंमध्ये हटकून दिसणारे. त्यांच्यात महत्त्वाची गोष्ट ही की मारण्याची जागा आणि आवाजाची जागा यांचा एकमेकांशी संबंध नसतो. पॅडवर आघात झाला की आतला सेन्सर विजेचा एक झटका पाठवतो, तो ठराविक मर्यादेच्या वर गेला की यंत्र ठरलेला आवाज काढतं. तो आघात काठीने झाला, पायाने झाला की डोक्याने, यंत्राला काही देणंघेणं नाही. ॲलनच्या डाव्या पायाखाली चार पेडल्स आली. डावीकडून उजवीकडे हाय-हॅट बंद होण्याचा आवाज, बेस ड्रम, स्नेअर आणि टॉम.

लिहायला सोपं वाटतं. पण कीबोर्डवर इनपुट घेणारा प्रोग्राम ज्याने कधी लिहिला असेल त्याला यातल्या खाचाखोचा लगेच कळतील. एकदा दाबलं तर एकदाच वाजलं पाहिजे, सेन्सर थरथरला म्हणून दोनदा नाही. शेजारच्या पेडलचा धक्का लागून हे वाजता कामा नये. हळू मारलं तर हळू, जोरात मारलं तर जोरात. आणि दाबणं आणि वाजणं यांच्यातली दिरंगाई इतकी कमी हवी की मेंदूला ती कळू नये. १९८३ मध्ये आलेल्या मिडी या प्रमाणात एक ठोका कळवायला तीन बाइट लागतात आणि सेकंदाला ३१,२५० बिट जातात, म्हणजे साधारण एक मिलिसेकंद. ते यंत्राचं झालं. माणसाचं काय? हात खांद्यापासून झेप घेतो, पाय घोट्यातून. अंतर वेगळं, वजन वेगळं, वेग वेगळा. उजव्या हाताशी कित्येक वर्षं जमलेली जोडी मोडून डाव्या पायाशी नव्याने जमवायची होती.

ऑगस्ट १९८६ मध्ये आयर्लंडमधल्या छोट्या कार्यक्रमांत त्याची परीक्षा झाली. खबरदारी म्हणून स्टेटस क्वो या बँडचा ड्रमर जेफ रिच शेजारी दुसरा सेट घेऊन बसायचा. एका संध्याकाळी रिचला यायला उशीर झाला आणि ॲलनने एकट्यानेच कार्यक्रम सुरू केला. ते ऐकून रिचनेच सांगितलं की आता माझी गरज नाही. १६ ऑगस्टला डॉनिंग्टनच्या प्रचंड महोत्सवात तो एकटाच वाजवत होता.

दरम्यान अल्बमचं काम रखडत रखडत चाललंच होतं. लँग परत आला होता. मग त्यालाही कारचा अपघात झाला, एलियटला गालगुंड झालं. काही विचारू नका! शेवटी ३ ऑगस्ट १९८७ रोजी 'हिस्टेरिया' प्रसिद्ध झाला. लँगचं ध्येय होतं की प्रत्येक गाणं सुटं काढून विकता आलं पाहिजे, आणि त्यातली सात गाणी खरोखरच तशी निघाली. एकट्या अमेरिकेत १ कोटी २० लाखांच्या वर प्रती गेल्या. या अल्बमचे ड्रम्स पूर्णपणे सँपल्सचे आहेत. लँग आणि शिप्ली यांनी एकेक टोला वेगळा रेकॉर्ड केला, स्नेअरसाठी तर अनेक टोले एकावर एक रचले आणि फेअरलाइटमधून वाजवले.

इथे ॲलनच्या नावाने नाकं मुरडणारे लोक भेटतात. 'मग त्याने वाजवलं काय?' माझं उत्तर असं की त्याने ते रंगमंचावर वाजवलं. बहुतेक बँडमध्ये आधी माणूस वाजवतो आणि रेकॉर्ड ही त्याची प्रत असते. इथे रेकॉर्ड हे एक स्पेसिफिकेशन होतं, यंत्राने काढलेलं, आणि ते प्रत्यक्षात उतरवायचं काम ॲलनकडे आलं. तेही दुसऱ्या-चौथ्या मात्रेचा हात नसताना. १९८७ च्या दौऱ्यापासून रोज रात्री हजारो लोकांसमोर त्याने ते केलं. ते यंत्र त्याच्या विरोधात गेलं नाही, उलट त्याच यंत्राच्या भावंडांनी त्याला पुन्हा ड्रमर केलं. स्टुडिओत ज्या तंत्राने ड्रमरचे हात अनावश्यक ठरवले होते, त्याच तंत्रामुळे एक हात नसलेल्या माणसाला ड्रमर राहता आलं.

असो. आता पैशाची भानगड.

गाण्यावर दोन वेगवेगळे हक्क असतात. एक गाणं रचण्याचा, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरा त्या विशिष्ट रेकॉर्डिंगचा, ज्याला 'मास्टर' म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर पहिला सोर्स कोडचा आणि दुसरा कंपाईल झालेल्या बायनरीचा. ऐंशीच्या दशकातले करार लिहिले गेले तेव्हा मास्टर कंपनीकडे जायचा आणि खपलेल्या प्रतीमागे कलाकाराला ठरलेले टक्के मिळायचे. डाउनलोड ही गोष्टच अस्तित्वात नव्हती. मग डाउनलोड म्हणजे प्रतीची विक्री की परवान्यावर दिलेला वापर? विक्री असेल तर कलाकाराला बारा, पंधरा, वीस टक्के वगैरे. परवाना असेल तर बऱ्याच करारांत अर्धा वाटा! एमिनेमच्या सुरुवातीच्या रेकॉर्डिंगबद्दल एफबीटी प्रॉडक्शन्सने लावलेल्या खटल्यात अमेरिकेच्या एका अपील न्यायालयाने २०१० मध्ये निकाल दिला की त्या करारानुसार डाउनलोड हा परवाना आहे. ती कंपनीही युनिव्हर्सल समूहातली आणि डेफ लेपर्डची जुनी रेकॉर्डिंग्जही युनिव्हर्सलकडेच.

डेफ लेपर्डचं कंपनीशी डिजिटल वाट्यावरून जमेना. एलियटच्या म्हणण्यानुसार त्यांच्या करारात एक कलम असं होतं की बँडच्या परवानगीशिवाय कंपनीला त्या संगीताचं काहीही करता येत नाही. म्हणून त्यांनी कंपनीला कळवून टाकलं की काहीही मागा, उत्तर नाही असंच येईल, तेव्हा विचारूच नका. कंपनीकडे मास्टर, बँडकडे परवानगी, आणि दोघंही आपापलं सोडायला तयार नाहीत. आमच्याकडे याला डेडलॉक म्हणतात. परिणामी जगभरातले लोक गाणी डाउनलोड करायला लागले तरी या बँडचे जुने अल्बम अधिकृतपणे कुठे मिळत नव्हते.

हा डेडलॉक फोडायचा मार्ग म्हणजे नवं रेकॉर्डिंग. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्याच्या ११४ व्या कलमात स्पष्ट म्हटलं आहे की रेकॉर्डिंगवरचा हक्क फक्त त्या प्रत्यक्ष ध्वनींपुरता. कुणी स्वतंत्रपणे नवे ध्वनी रेकॉर्ड केले आणि ते कितीही तंतोतंत सारखे असले तरी तो भंग नाही. करारात सहसा ठराविक वर्षं पुन्हा रेकॉर्ड करायला बंदी असते, पण पंचवीस वर्षांनी ती उरत नाही. १९८२ मध्ये कॉम्पॅकने आयबीएमच्या पीसीचा बायोस असाच पुन्हा लिहिला होता. आयबीएमच्या कोडची एक ओळही न उचलता, पण वागणं तंतोतंत तेच. डेफ लेपर्डने आपल्याच बायोसचं तसं केलं. त्यात मुहूर्तही चांगला साधला, कारण त्याच महिन्यात त्यांच्या गाण्याचं नाव घेतलेला 'रॉक ऑफ एजेस' हा चित्रपट आला आणि त्यात टॉम क्रूझने 'पोर सम शुगर' म्हटलं होतं.

हे करणारे ते पहिले नव्हेत. एव्हर्ली ब्रदर्सनी कंपनी बदलल्यावर १९६४ मध्ये, चक बेरीने १९६७ मध्ये आपली जुनी गाणी नव्या कंपनीसाठी पुन्हा म्हटली होती. २०१० मध्ये स्क्वीझ या इंग्लिश बँडने जुन्या गाण्यांच्या हुबेहूब प्रतींचा अख्खा अल्बम काढला आणि त्याचं नावच 'स्पॉट द डिफरन्स' ठेवलं. :) आणि २०२१ पासून टेलर स्विफ्टने हाच मार्ग इतका मोठा केला की आता शाळकरी पोरांनाही 'मास्टर' म्हणजे काय ते माहीत असतं.

पण कायद्याने परवानगी देणं वेगळं आणि प्रत्यक्षात जमणं वेगळं. ज्याने जुनं मोड्यूल 'नव्याने लिहा, पण वागण्यात तसूभरही फरक नको, जुने बगसुद्धा तसेच ठेवा' अशा हुकुमावर लिहिलं असेल, त्याला मी काय म्हणतोय ते कळेल. एलियटने सांगितलं की त्यांना एकेका गाण्याचा अगदी बारकाईने अभ्यास करावा लागला, जुने आवाज शोधणं फार कठीण गेलं. तिशीच्या आतला आपला गळा आता आणायचा कुठून? गाऊन गाऊन त्याने आपला घसा त्या जुन्या आकारात आणला. गिटारचा प्रश्न आणखी अवघड होता. मूळ गाण्यांतला एक गिटारवादक स्टीव्ह क्लार्क ८ जानेवारी १९९१ रोजी, तिशीत, वारला होता. १९९२ पासून त्याच्या जागी व्हिव्हियन कॅम्पबेल आहे. म्हणजे एक गळा वयाने बदललेला, एक माणूस हयात नाही आणि एक हात नाही. यातलं तिसरं नुकसान रेकॉर्डिंगमध्ये ऐकूच येत नाही, कारण तो आवाज आधीपासूनच हातात नव्हता. गळा पन्नाशीचा होतो. सँपल पन्नाशीचं होत नाही.

मग मला प्रश्न पडतो की अशा गाण्यात ड्रमरचं स्वतःचं काय उरतं? त्याच वर्षाचं एक उदाहरण आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये जेफ लिनने इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्रा या आपल्या बँडची प्रसिद्ध गाणी पुन्हा रेकॉर्ड करून अल्बम काढला. त्यात जवळजवळ सगळी वाद्यं त्याने एकट्यानेच वाजवली, ड्रम्ससुद्धा! मूळ गाण्यांतला ड्रमर बेव्ह बेव्हन याला बोलावलंही नाही. लिनचा हेतू पैशाचा कमी आणि 'आता मला हे जास्त चांगलं जमेल' असा जास्त होता. आवाज हीच जर सगळी गोष्ट असेल तर लिनचं गणित बरोबर आहे. आवाज मिळाला ना, मग माणूस कशाला?

डेफ लेपर्डने हे गणित कधीच मांडलं नाही. १९८५ मध्ये मांडण्यासारखी परिस्थिती होती. अल्बमचे ड्रम्स तसेही यंत्रातून यायचे होते, दौऱ्यासाठी दोन हातांचा ड्रमर शोधला असता तर रांग लागली असती. व्यवहार म्हणून कुणी त्यांना नावंही ठेवली नसती. त्यांनी त्याची जागा रिकामी ठेवली, आणि तो परत येऊन तिथे बसेपर्यंत दुसऱ्या कुणाला कायमचं बसू दिलं नाही. त्यामुळे २०१२ च्या त्या 'बनावट' गाण्यांमध्ये एक गोष्ट बनावट नाही असं मला वाटतं. ज्याच्या नावावर हा ठेका होता, त्याच्याच नावावर तो पुन्हा लागला. आणि एव्हाना तो ठेका त्याच्या अंगात इतका मुरला होता, की कुणी यंत्र बंद केलं तरी चाललं असतं. पंचवीस वर्षं तो तेच तर वाजवत होता.

पुढची हकीकत थोडक्यात. कंपनीशी समेट झाला आणि १९ जानेवारी २०१८ रोजी मूळ अल्बम डिजिटल दुकानांत आणि स्ट्रीमिंगवर आले. त्या दिवसापासून नकलांची गरज संपली. मार्च २०१९ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये बँडचा समावेश झाला. ॲलनने २००१ मध्ये पत्नीबरोबर रेव्हन ड्रम फाउंडेशन नावाची संस्था काढली होती, तिच्यामार्फत तो युद्धावरून परतलेल्या, मनाने मोडलेल्या सैनिकांबरोबर ड्रम्स घेऊन बसतो. तिथे लँग नाही, फेअरलाइट नाही. चामडं आणि तळवा.

एखाद्या रविवारी वेळ मिळाला तर 'पोर सम शुगर'ची १९८७ ची आणि २०१२ ची प्रत हेडफोन लावून पाठोपाठ ऐका आणि फरक शोधा. मग २०१३ मध्ये लास व्हेगसला त्यांनी अख्खा 'हिस्टेरिया' सलग वाजवला होता, त्याचं 'व्हिवा! हिस्टेरिया' हे चित्रीकरण मिळवून बघा. कॅमेरा गायकावर असेल, गिटारींवर असेल. तुम्ही मात्र मागे बसलेल्या माणसाचा डावा पाय दिसतोय का ते बघा.